रमाबाईंची ग्रीक: मूळ पुस्तक वाचायचा हक्क कोणाचा?

नमस्कार मंडळी! खाप्याहून बोलतोय. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, खापा म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं, सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठचं विणकरांचं गाव. मी दिवसा लॅपटॉपवर कोड लिहितो आणि रात्री इतिहासाची पुस्तकं उघडतो. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना सुटलेले एक-दोन मुद्देही यात घातलेत.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय मधेच? विषय आहे, बायबल त्याच्या मूळ ग्रीक भाषेतून शिकणं. आणि त्यातली मुख्य व्यक्ती आहे एक मराठी बाई, पंडिता रमाबाई.

आधी नागपूरकरांना एक प्रश्न. सेमिनरी हिल्सला तुम्ही किती वेळा गेलात? जपानी गार्डन, सकाळचं फिरणं, कॉलेजातलं काय काय. पण सेमिनरी म्हणजे काय, हे कधी विचारलं का राजेहो? मीही बरीच वर्षं नव्हतं विचारलं. त्या टेकडीवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था, आणि टेकडीचं नाव तिच्यावरून पडलं. शब्द लॅटिनमधला. 'सेमिनारियम' म्हणजे रोपवाटिका. बी पेरायचं, रोप वाढवायचं आणि मग दुसरीकडे नेऊन लावायचं. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की पाद्री घडवायला अशा रोपवाटिका काढायच्या, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

प्रोटेस्टंट मंडळींच्याही सेमिनऱ्या आहेत. आपल्या विदर्भातच, यवतमाळला, १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. अशा ठिकाणी बीडी नावाची पदवी मिळते. बॅचलर ऑफ डिव्हिनिटी हो, फुकायची बीडी नाही. ही पदवी देणारी यंत्रणा बंगालमधल्या श्रीरामपूरची. तिथलं कॉलेज १८१८ सालचं. त्या गावावर तेव्हा डेन्मार्कचं राज्य होतं, म्हणून १८२७ मध्ये पदवी देण्याची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून.

ग्रीक कशाला?

बायबलचे दोन भाग. जुना करार बहुतेक हिब्रूत, नवा करार ग्रीकमध्ये. नव्या करारात २७ पुस्तकं आहेत. गंमत म्हणजे येशूची बोलीभाषा अरामी होती, पण त्याच्याबद्दल लिहिलं गेलं ते ग्रीकमध्ये. कारण त्या काळी भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला व्यापार, पत्रव्यवहार, सरकारी काम सगळं ग्रीकमधून चालायचं.

पण ही प्लेटोची भारदस्त ग्रीक नव्हे. हिला म्हणतात 'कोइने', म्हणजे सामाईक, सगळ्यांची. इजिप्तच्या वाळूत पपायरसचे हजारो कागद सापडले. पावत्या, घरची पत्रं, कर्जाचे करार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवलं की नव्या कराराची भाषा या कागदांच्या भाषेला अगदी जवळची आहे. त्याआधी लोकांना वाटायचं, ही कुठलीतरी खास पवित्र ग्रीक आहे. निघाली बाजारातली.

माझा एक मित्र सेमिनरीत शिकतो. त्याने मला पहिल्या महिन्याची वही दाखवली. २४ अक्षरं, मग विभक्त्या, मग क्रियापदांचे तक्ते. आपल्याला संस्कृतमध्ये 'रामः रामौ रामाः' घोकायला लावतात ना, तसं ग्रीकच्या पुस्तकांत बहुतेक वेळा 'लुओ' हे क्रियापद घोकायला लावतात. अर्थ, 'मी सोडवतो, मोकळं करतो'. मुलं वैतागून शंभरदा म्हणतात, मी सोडवतो, तू सोडवतोस, तो सोडवतो.

आणि इथे संस्कृत येणाऱ्याला ओळखीचे चेहरे दिसायला लागतात. संस्कृतमध्ये 'ददामि', ग्रीकमध्ये 'दिदोमी'. 'अस्ति' तिकडे 'एस्ती'. 'पितृ' तिकडे 'पातेर'. आपल्याकडे परस्मैपद-आत्मनेपद, तिकडेही कर्तरी आणि त्याच्या शेजारी 'मध्यम' प्रयोग. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात जाहीर सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच असावं. सेमिनरीच्या वहीत ते समोरच दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, भाषांतर असताना हा कुटाणा कशाला? मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एखाद्या सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक एक सांगतं आणि प्रत्यक्ष कोड दुसरंच करतो, हे रोजचं आहे. ज्याला कोड वाचता येतो, तो 'असं लिहिलंय' एवढ्यावर गप्प बसत नाही. तो उघडून बघतो.

एक उदाहरण घेऊ. नव्या करारात रोमकरांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या शेवटच्या, १६व्या अध्यायात फीबी नावाच्या बाईची ओळख करून दिली आहे. तिच्यासाठी ग्रीक शब्द आहे 'डियाकोनोस'. हाच शब्द दुसऱ्या पत्रांत तुखिक आणि एपफ्रास या पुरुषांसाठी येतो. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये पुरुषांच्या वेळी त्याचं भाषांतर झालं 'मिनिस्टर', आणि फीबीच्या वेळी 'सर्व्हंट'. मूळ शब्द तोच. पुरुष असला की पद, बाई असली की चाकरी. हे फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला कधी कळणारच नाही. ग्रीक उघडणाऱ्याला एका मिनिटात कळतं.

म्हणून मूळ भाषा कोणाला येते, हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. पुस्तकाची किल्ली कोणाच्या खिशात, हा प्रश्न आहे.

मराठीत पहिली खेप

मराठी बायबलची सुरुवात महाराष्ट्रात झाली नाही, बंगालमध्ये झाली. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस. लॅटिन, ग्रीक, हिब्रू बरंचसं स्वतःच शिकला. १७९३ साली भारतात आला. १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, त्याच वर्षी मत्तयचं शुभवर्तमान मराठीत आणलं, आणि १८११ मध्ये नवा करार. त्याच्या मराठी कामात हाताशी होते वैजनाथ शर्मा नावाचे पंडित, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे वैजनाथ नागपूरकडचे मानले जातात. म्हणजे छापील मराठीच्या पहिल्या पानांवर आपल्या भागाची बोली असावी. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी वेगळं भाषांतर केलं, त्यांचा नवा करार १८२६ साली निघाला.

एकेका ग्रीक शब्दावरून किती भांडणं व्हायची बघा. 'बाप्तिझो' या क्रियापदाचा अर्थ बुडवणं. कॅरीच्या बाप्टिस्ट पंथाचं म्हणणं, भाषांतरात 'बुडवणं' असंच लिहा. दुसऱ्या पंथांत डोक्यावर पाणी शिंपडायचे, त्यांना ते अडचणीचं. त्यांचं म्हणणं, ग्रीक शब्द तसाच ठेवा. १८३०च्या दशकात बंगाली भाषांतरावरून हा वाद एवढा वाढला की लंडनच्या बायबल सोसायटीने पैसे देणंच थांबवलं. आज मराठीत आपण 'बाप्तिस्मा' म्हणतो. ग्रीक शब्द तसाच राहिलाय.

या सगळ्या कहाणीत शब्द निवडणारे सगळे पुरुष. गोरे मिशनरी किंवा ब्राह्मण पंडित. आता रमाबाईंकडे येऊ.

एक पुस्तक, अनेक भाषा

रमाबाई जन्मल्या १८५८ साली. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत पुराणं सांगायचं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली, थक्क झाले, 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणाले. वय वीस.

पण नीट लक्ष द्या. या पंडितेला पुराणं पाठ होती, वेद मात्र वाचले नव्हते. केशवचंद्र सेन यांनी विचारलं, वेद वाचलेत का? रमाबाई म्हणाल्या, बायकांना तो अधिकार नाही. सेन यांनी वेदांची प्रत त्यांच्या हातात ठेवली. हे रमाबाईंनी स्वतः पुढे आपल्या आत्मकथनात, १९०७ साली, लिहून ठेवलंय.

त्याच कलकत्त्यात ख्रिस्ती लोकांनी त्यांना एक बायबल भेट दिलं. कोणत्या भाषेतलं? संस्कृत! रमाबाईंनी वाचून बघितलं आणि सोडून दिलं. ती संस्कृत त्यांच्या ओळखीची वाटेना. नंतर बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी लग्न झालं आणि त्या आसामकडे सिल्चरला राहायला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत एक छोटी पुस्तिका सापडली, लूकचं शुभवर्तमान, बंगालीतलं. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. तेच पुस्तक संस्कृतमधून शिरलं नाही, रोजच्या बोलण्यातल्या बंगालीतून शिरलं.

१८८२ मध्ये नवरा गेला. पदरात मनोरमा नावाची लहान मुलगी. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे खळबळ उडाली. पण तिथेही त्या 'हो बाई, हो बाई' करणाऱ्या नव्हत्या. त्यांना घालायला दिलेल्या क्रूसावर लॅटिन ओळ कोरलेली होती. रमाबाईंनी विचारलं, मला आणि माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन येत नाही, मग लॅटिनच का, संस्कृत का नाही? त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दलही त्यांनी सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. त्यांचं म्हणणं साधारण असं की मी बायबल स्वतः वाचीन आणि मग ठरवीन. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या. तिथे तरुण मुलग्यांना संस्कृत शिकवायची गोष्ट निघाली, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवायचं म्हणजे काय!

म्हणजे बघा, काशीच्या परंपरेत वेद बंद, इंग्लंडच्या परंपरेत वर्ग बंद. आणि त्या काळी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीचं दार तर बाईसाठी नव्हतंच.

केडगावची सेमिनरी

भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत, म्हणून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. 'केसरी'ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप खोटा होता असं मी म्हणणार नाही. आश्रय आणि धर्म एकाच छताखाली आले की प्रश्न उठणारच, आणि तो आजही विचारायला हवा.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी आपलं नागपूर होतं तिथे, भयानक हाल झाले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. काही वर्षांत तिथे सुमारे २००० जणी झाल्या.

या मुलींना बायबल वाचायला द्यायचं होतं. मराठी बायबल तर होतंच. पण रमाबाईंना ते पटेना. एक तर भाषा पंडिती. खेड्यातल्या, नुकतंच अक्षर शिकलेल्या मुलीला ती कशी कळणार? दुसरं, त्यातले संस्कृत शब्द आपापलं जुनं सामान घेऊन येतात. 'मोक्ष' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा डोक्यात येतो. 'पुण्य' म्हटलं की तीर्थयात्रा. आयुष्यभर पुराणं सांगितलेल्या बाईला हे कोणत्याही मिशनऱ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग त्यांनी ठरवलं, आपण थेट मुळातून करू. ग्रीक आणि हिब्रू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम सुरू झालं तेव्हा त्यांची पंचेचाळिशी आली होती आणि ऐकू कमी येत होतं. हाताखाली हजार भानगडी. शेती, विहिरी, स्वयंपाकघर, आजारपणं. त्यात पहाटे उठून ग्रीक.

शब्दांची अडचण काय असते, ते बघा. ग्रीक 'सोतेरिया' म्हणजे संकटातून सुटका, वाचणं. मराठी ख्रिस्ती लोक म्हणतात 'तारण'. सुंदर शब्द आहे, तारून नेणं. पण आज माझ्या वयाच्या कोणालाही 'तारण' म्हटलं की बँकेचं सोनेतारण कर्ज आठवतं! दुसरा शब्द, 'मेटानोइया'. शब्दशः मन पालटणं. आपण लिहितो 'पश्चात्ताप', म्हणजे नंतरचा ताप. एकात वळण आहे, दुसऱ्यात जळजळ. तिसरा, 'एक्लेसिया'. ग्रीक शहरांत नागरिकांची सभा भरायची, तिचं हे नाव. इंग्रजीत त्याचं 'चर्च' झालं आणि डोळ्यांसमोर इमारत आली. मराठी बायबलने शब्द घेतला 'मंडळी'. म्हणजे मी सुरुवातीला तुम्हाला 'नमस्कार मंडळी' म्हणालो, तोच. इथे मराठी ग्रीकच्या जास्त जवळ आहे, इंग्रजीपेक्षा.

असं सतरा-अठरा वर्षं चाललं. आणि छापलं कुठे? केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायका. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा. ज्यांना पोथीला हात लावायची परवानगी नव्हती, त्यांच्या बोटांतून तो धर्मग्रंथ एकेक अक्षर जुळत गेला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. असं सांगतात की शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत एवढे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

मग काय झालं?

खरं सांगायचं तर फारसं काही नाही. मराठी चर्चमध्ये चाललं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. ते रुळलेलं होतं, लोकांच्या तोंडात बसलेलं होतं. मुळाला फार चिकटून राहिलं की वाक्य अवघडतं, आणि सोपं करायला गेलं की भारदस्तपणा जातो, या दोन्ही तक्रारी अशा भाषांतराच्या वाट्याला येतातच.

मग एवढा खटाटोप फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. आपण नेहमी विचारतो, किती जणांनी वापरलं? मी ज्या धंद्यात आहे तिथे तर हाच एक प्रश्न असतो. पण रमाबाईंच्या कामाचं माप वेगळं आहे. मूळ भाषा आली म्हणून माणूस आपोआप शहाणा होत नाही. ग्रीक येणाऱ्यांनीच फीबीला चाकर केलं होतं. फरक एवढाच पडतो की समोरचा 'असं लिहिलंय' म्हणाला, की आपल्याला 'दाखवा बरं' म्हणता येतं. रमाबाईंना आधी शास्त्र्यांनी आणि मग बिशपांनी 'असं लिहिलंय' ऐकवलं होतं. त्यांनी दोन्हीकडे पुस्तक उघडलं. आणि किल्ली मिळाल्यावर ती स्वतःच्या कमरेला न लावता, खिळे जुळवणाऱ्या मुलींच्या टेबलावर ठेवली.

हे फक्त बायबलपुरतं नाही. कोणी म्हणतं राज्यघटनेत असं लिहिलंय, कोणी म्हणतं मनुस्मृतीत तसं, कोणी म्हणतं कुराणात अमुक. व्हॉट्सअॅपवर तर रोजच. आपण सगळे मूळ भाषा शिकू शकत नाही, मान्य. पण घटना तर मराठीतच मिळते ना? फॉरवर्ड करायच्या आधी ते पान उघडून बघायला काही सतरा वर्षं लागत नाहीत.

या आठवड्यात एवढंच करा. कोणीतरी तुम्हाला 'लिहिलंय' म्हणून सांगितलेली एक गोष्ट मुळात जाऊन बघा, आणि काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. सेमिनरी हिल्सला जाणाऱ्यांनी जोडीदाराला रोपवाटिकेचा अर्थ सांगून भाव खाल्ला तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, मंडळी.